रात्री टाळ्या, सकाळी शिकवणी

शिकवणी घेणाऱ्याला पालकांच्या चिठ्ठ्या येतात, त्याला देश नाही आणि काळ नाही. परीक्षा तोंडावर आली आहे, जरा कमी घ्या. मुलगा हळवा आहे, फार रागावू नका. व्हिएन्नात पियानो शिकवणाऱ्या कार्ल चेर्नीला १८१७ च्या सुमारास अशीच एक चिठ्ठी आली. मुलाची बोटं नीट पडू लागली, लय सांभाळता येऊ लागली आणि सूर बऱ्यापैकी बरोबर यायला लागले, की किरकोळ चुकांसाठी त्याला मधेच अडवू नये; तुकडा पुरा होऊ द्यावा आणि मग काय ते दाखवावं, असा तिचा मतलब. लिहिणारा मुलाचा काका. पुतण्याच्या बाबतीत जरा जास्तच लक्ष घालणारा, त्याच्या ताब्यासाठी भावजयीला कोर्टात खेचणारा, शिवाय कानांनी जवळजवळ बहिरा. नाव लुडविग फान बीथोवन.

चेर्नीनं ती चिठ्ठी वाचून काय केलं असेल? पालकांच्या सूचनांचं काय करायचं हे मुरलेल्या शिक्षकाला ठाऊक असतं. 'हो हो, अगदी बरोबर' म्हणायचं आणि आपलं आहे तसं चालू ठेवायचं. पण इथे सूचना करणारा काका म्हणजे खुद्द आपला गुरू. बरं, सूचनाही अशी की तिच्यात खोड काढायला जागा नाही. बीथोवनच्या हाताखाली शिकलेल्या फर्डिनांड रीसनं लिहून ठेवलं आहे की सूर चुकला तर गुरुजी फारसं काही म्हणत नसत; वाजवण्यात भाव उतरला नाही तर मात्र चिडत. चूक अपघातानं होते, दुसरी गोष्ट समजच नसल्यानं होते, असं त्यांचं म्हणणं. पुतण्यानं पुढे पियानोत काही विशेष केलं नाही, तो सैन्यात गेला. एवढ्या काकाच्या आणि एवढ्या मास्तरांच्या मधोमध सापडल्यावर सैन्य त्याला आरामाचं वाटलं असेल.

चेर्नी स्वतः दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर बीथोवनच्या घरी गेला होता. त्याच्या लक्षात राहिला तो पसारा. कागद आणि कपडे सगळीकडे पसरलेले, बसायला धड खुर्ची नाही. यजमानाचे केस असे की मुलाला रॉबिन्सन क्रूसो आठवला. कानांत कसल्याशा पिवळ्या औषधात बुडवलेला कापूस. पोरानं त्याच्यापुढे त्याचीच 'पाथेटीक' सोनाटा वाजवली आणि शिष्यत्व मिळवलं. मग सुरुवातीचे धडे कसले, तर नुसती स्केल्स आणि अंगठा कुठे कसा वळवायचा ते. सोनाटांचा बादशहा समोर बसलेला आणि आपण अंगठा वळवतोय! आपल्याकडे गुरूनं वर्षभर नुसता षड्ज लावायला लावला अशा कहाण्या भक्तिभावानं सांगितल्या जातात. चेर्नीच्या वाट्याला अंगठा आला एवढंच.

१८१२ मध्ये बीथोवनचा पाचवा पियानो कॉन्चेर्तो, ज्याला पुढे 'एम्परर' म्हणू लागले, व्हिएन्नाकरांनी पहिल्यांदा ऐकला तो चेर्नीच्या हातून. स्वतः बीथोवनला ऐकू येण्याची पंचाईत होती. चेर्नी तेव्हा जेमतेम विशीत. एवढी मोठी सुरुवात मिळाल्यावर कोणीही गावोगाव दौरे काढले असते. हा गृहस्थ मंचावरून जवळजवळ उतरलाच. गावोगाव फिरणाऱ्या वादकाला जी दिखाऊ चमक लागते ती आपल्या वाजवण्यात नाही, असं त्यानं स्वतःच लिहिलं आहे. आईवडीलही थकत चालले होते. मग तो दिवसाला दहा-बारा तास शिकवत राहिला आणि उरलेल्या वेळात रचना करत राहिला. त्याच्या रचनांचे क्रमांक आठशेच्या पुढे जातात, आणि त्यांतल्या कितीतरी बोटांच्या व्यायामाच्या आहेत. लग्न केलं नाही, मांजरं पाळली. बांद्र्यात किंवा मडगावात ज्या घरी पियानो आहे, त्या घरातल्या पोरांना 'चेर्नी' हे एका माणसाचं नाव आहे याचा पत्ताही नसतो. दुपारी खेळायला जाण्याआधी जी शिक्षा संपवावी लागते तिचं ते नाव. ज्या माणसाच्या आयुष्यात 'एम्परर' आहे त्याला जगानं सरावाच्या वहीत डांबून ठेवलं, हे मला फार चमत्कारिक वाटतं. पण याच माणसाकडे एके दिवशी एक फिकुटलेला, आजारी दिसणारा मुलगा आला, वाजवताना स्टुलावर दारू प्यायल्यासारखा झुलत होता, आणि चेर्नीनं त्याला एक पैसा न घेता शिकवलं. तो फ्रान्झ लिस्त.

इथे आपल्या आणि त्यांच्या मैफलीतला एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे बुवा गायला बसले की शिष्य मागे तंबोरा घेऊन बसतो. बुवा मधेच त्याच्याकडे मान वळवतात, तो एखादी तान घेतो, बुवा खूश झाले तर हसतात, नाहीतर तीच तान पुन्हा स्वतः घेऊन त्याला दाखवतात. भर मैफलीत शिकवणी चालू असते आणि श्रोत्यांना तीही आवडते. पियानोवादकाला ही सोय नाही. एक पियानो, एक स्टूल. शिष्यानं तिकीट काढून समोर बसायचं. त्यामुळे या लोकांची आयुष्यं दोन खोल्यांत विभागली गेली. रात्री झुंबराखाली टाळ्या, आणि सकाळी घराच्या दिवाणखान्यात कुठल्याशा श्रीमंताची मुलगी तेच वाजवणार, तिप्पट सावकाश, आणि चौथ्या ओळीत अडखळणार. गुरू आदल्या रात्री कुठे घाईत सुटला होता ते त्याला स्वतःला माहीत असतं. बहुधा चौथ्याच ओळीत.

शोपँच्या बाबतीत तर सकाळची खोलीच मोठी. आयुष्यात त्यानं जाहीर कार्यक्रम केले असतील तीसेक. गर्दीसमोर बसायचं म्हटलं की त्याचा जीव घाबरा व्हायचा. पॅरिसला तो १८३१ मध्ये आला आणि बघता बघता तिथल्या उमराव घराण्यांतल्या बायकामुलींचा गुरू झाला. तासाला वीस फ्रँक, तुमच्या घरी यायचं तर तीस. पॅरिसमधल्या कामगाराला दिवसभर राबून दोन-तीन फ्रँक सुटत, यावरून काय तो अंदाज करावा. पैसे हातात देण्याची पद्धत नव्हती. शिष्येनं ते शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे आणि गुरुजींनी तिकडे बघायचं नाही. आपल्याकडेही पाकीट तबल्याच्या पिशवीवर ठेवायची पद्धत आहे. पैशाकडे न पाहता पैसे मोजण्याची कला कलावंताला सगळ्या देशांत साधते. हातमोजे पांढरे, बोलणं मृदू, आणि शिकवताना डोकं फिरलं तर पेन्सिली मोडून तुकडे. चांगला पियानो शिष्येला, आणि स्वतः शेजारच्या लहान, भिंतीला टेकवायच्या पियानोवर बसून साथ करायची. हिवाळाभर ही शिकवणी, उन्हाळ्यात मैत्रीण, लेखिका जॉर्ज सांदच्या गावी जाऊन रचना. त्याच्या कितीतरी रचनांचा खर्च या वीस-वीस फ्रँकांनी उचलला आहे.

शिकवण्यात वेळ जातो, हात बिघडतो, रोज चुका ऐकून कान किटतात, अशी या मंडळींची तक्रार कायम असते. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास नाही. शोपँचंच बघा. पियानो शिकायला सुरुवात सगळे 'सी मेजर'पासून करतात, कारण त्यात सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, वाचायला सोपं. शोपँचं म्हणणं, वाचायला सोपं आणि हाताला सगळ्यांत कठीण. मधली तीन बोटं लांब, अंगठा आणि करंगळी आखूड. तेव्हा लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर ठेवा, हात आपोआप सुखात बसतो. म्हणून तो 'बी मेजर'पासून सुरुवात करायला लावी, ज्यात काळ्या पट्ट्या भरपूर. ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या हाताला सांगावी लागली नसती. ज्याचा हात मुळातच सुखात आहे त्याला ते सुख कशात आहे हे कळायचं कारण नाही. पाच-पाच शिष्यांचे अवघडलेले पंजे रोज पाहिल्यावरच असलं काही सुचतं. या सगळ्यावर पुस्तक लिहायला त्यानं घेतलं होतं; टिपणांपलीकडे ते गेलं नाही. पुढे नाव काढेल असा शिष्य म्हणजे कार्ल फिल्च. तो दौऱ्यावर निघाला की मी दुकान बंद करीन, असं लिस्त म्हणाल्याचं सांगतात. फिल्च चौदा-पंधराव्या वर्षी गेला. बाकी राहिल्या त्या बहुतेक सरदारांच्या बायका, ज्यांनी लग्नानंतर पियानो बंद केला किंवा पाहुण्यांसमोर तेवढा उघडला.

लिस्तचं सगळंच उलट. एकट्यानं सबंध संध्याकाळ पियानो वाजवायचा, हा प्रकार रूढ केला त्यानेच. युरोपभर बायका त्याच्या फेकलेल्या हातमोज्यांसाठी भांडत. आणि १८४७ मध्ये, पस्तिशीत, त्यानं पैशासाठी वाजवणं सोडून दिलं. उतारवयात वायमारच्या घरी त्याचे वर्ग भरत, फुकट. शिष्य आपापली पुस्तकं पियानोवर ठेवत. तो त्यांतलं एखादं उचलायचा, ज्याचं असेल त्यानं बसायचं. बोटं कुठे, अंगठा कुठे असलं काही विचारलं की मळके कपडे घरी धुवून या, असं सुनवायचा. चेर्नीकडे फुकट शिकलेल्या अंगठ्याचं ऋण त्यानं दुसऱ्यांच्या अंगठ्यांना फेडलं नाही. मात्र आपले अतिकठीण एत्यूद, म्हणजे नावाला सरावाच्याच रचना, त्यानं म्हाताऱ्या चेर्नीला अर्पण केले. आपल्याच बोटांच्या कवायतींचं पुढे काय झालं हे पाहून चेर्नीला काय वाटलं असेल! खोडरबरानं निम्मे सूर पुसावेसे वाटले असतील.

क्लारा शुमानला असल्या लहरी परवडणाऱ्या नव्हत्या. नवरा वेड्यांच्या इस्पितळात गेला, मुलं पदरात. ती वयाच्या नवव्या वर्षी मंचावर बसली होती ती सत्तरी उलटेपर्यंत वाजवतच राहिली. १८७८ मध्ये फ्रँकफुर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीनं तिला बोलावलं तेव्हा तिनं ज्या अटी घातल्या त्या कुठल्याही प्राध्यापकानं भिंतीवर लावून ठेवाव्यात. शिकवीन ते माझ्या घरी. रोज दीड तास. वर्षातून भरपूर सुटी, आणि हिवाळ्यात कार्यक्रमांसाठी रजा. संस्थेनं मान्य केलं. उरलेलं काम कोणी करायचं? मारी आणि ऑयगेनी या दोन मुली होत्याच की. त्या शिष्यांची तयारी करून घेत आणि मग त्यांना आईपुढे बसवत. घरचा धंदा असा चालतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. मला त्या दोघींबद्दल सहानुभूती वाटते. आईच्या कार्यक्रमाला टाळ्या आईला, शिष्याच्या कार्यक्रमाला टाळ्या शिष्याला आणि आईला.

चेर्नीचाच एक शिष्य टेओडोर लेशेटिट्स्की. तो व्हिएन्नात इतका शिकवत बसला की स्वतः चांगला वाजवायचा हे लोक विसरले. त्याची 'पद्धत' शिकायला युरोप-अमेरिकेतून गर्दी लोटायची आणि तो म्हणायचा, माझी पद्धतबिद्धत काही नाही. त्याची चार लग्नं झाली, त्यांतल्या तीन बायका त्याच्या शिष्या. ही पद्धत म्हणता येईल का, हे वाचकांनी ठरवावं. पाडेरेव्ह्स्की त्याच्याकडे चोविसाव्या वर्षी गेला, म्हणजे पियानोवाल्यांच्या हिशेबानं म्हातारपणी. पियानोत जगभर नाव काढून पुढे तो पोलंडचा पंतप्रधानही झाला. आणि आर्टुर श्नाबेल नावाच्या पोराला लेशेटिट्स्कीनं सांगितलं की तू पियानोवादक कधी होणार नाहीस, तू संगीतकार आहेस. पोरानं हे कौतुक म्हणून घेतलं, आणि ते होतंही कौतुकच.

हा श्नाबेल मोठा झाल्यावर लहान मुलांना शिकवत नसे. सॅन फ्रान्सिस्कोत त्याला एका घरी जेवायला बोलावलं आणि तो जेवत असताना नऊ वर्षांच्या एका मुलाला मागच्या दारानं आत घेऊन पियानोपाशी बसवलं. जेवण झाल्यावर श्नाबेल दिवाणखान्यात येतो तो काय! ऐकावंच लागलं. ऐकल्यावर घ्यावंही लागलं, पण अट अशी की शिक्षण चालू असेतो जाहीर कार्यक्रम बंद. मुलाचं नाव लिऑन फ्लायशर. १९३८ मध्ये तो इटलीत कोमो सरोवराकाठी श्नाबेलकडे शिकायला गेला. बीथोवन, चेर्नी, लेशेटिट्स्की, श्नाबेल, फ्लायशर. पियानोवाल्यांनाही घराण्याची परंपरा बोटांवर मोजून दाखवायची हौस असतेच, आणि इथे ती एका हाताच्या बोटांत बसते.

एका हाताचीच गोष्ट पुढे आहे. १९६४ मध्ये, छत्तिशीत, यश ऐन भरात असताना फ्लायशरच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. बोटं ऐकेनात. दुखापत दिसत नव्हती, डॉक्टरांना कळत नव्हतं. आज त्या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. बाल्टिमोरच्या पीबडी संगीतशाळेत तो आधीपासून शिकवत होताच. आतापर्यंत शिष्याला काही कळलं नाही की त्याला जरासं बाजूला सरकवायचं, 'हे असं' म्हणून वाजवून दाखवायचं, की झालं. बहुतेक मोठे वादक असेच शिकवतात, आणि आपले बुवा तर फक्त असेच शिकवतात. आता 'हे असं' संपलं. जे हाताला येत होतं ते सगळं तोंडानं सांगायची पाळी आली. हा सूर पुढच्या सुराकडे कसा झुकतो, ही शांतता किती लांबवायची, लय धरून ठेवली तरी ती ओढल्यासारखी का वाटू नये. फ्लायशर स्वतः सांगायचा की त्यामुळे तो चांगला शिक्षक झाला. यावर शंका घ्यायचं कारण नाही. पियानोवादक योसेफ हॉफमनचा अनुभवही असाच आहे. त्याचा गुरू आंतोन रुबिनश्टाइन, हात शाबूत असलेला, त्या काळातला अव्वल वादक, पण शिष्याला त्यानं कधी वाजवून दाखवलं नाही. नुसतं समजावायचा. हॉफमनला सूर स्वतः शोधावा लागला, आणि म्हणून तो त्याचा झाला.

फ्लायशर त्या काळात डाव्या हातानं वाजवत राहिला, कारण फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं पियानोसंगीत भरपूर आहे. त्यातला सगळ्यांत भारी कॉन्चेर्तो मॉरिस रावेलनं लिहिला तो पाउल विट्गेनश्टाइनसाठी, ज्याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. आणि हा विट्गेनश्टाइन शिकला होता कोणाकडे? लेशेटिट्स्कीकडे. घराणं एका हातानंही चालू राहतं म्हणायचं. तीसेक वर्षांनी, १९९०च्या दशकात, फ्लायशरची बोटं पुन्हा सरळ होऊ लागली, त्यात मोठा वाटा बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा. ज्या औषधानं नटनट्यांच्या कपाळावरच्या आठ्या जातात त्याच औषधानं ब्राम्स परत आला. २००४ मध्ये त्याची 'टू हँड्स' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तोवर त्याच्या तोंडी शिकवणुकीतून तयार झालेले शिष्य जगभर पसरले होते. त्यांतल्या जोनाथन बिसनं २०१३ मध्ये बीथोवनच्या सोनाटा इंटरनेटवर शिकवायला सुरुवात केली. म्हणजे दादरहून ठाण्याला जाताना लोकलच्या दारात उभं राहून बीथोवनच्या घराण्यात शिरता येतं. अंगठा वळवायला तेवढी जागा मिळाली पाहिजे.

शेवटी रोझिना लेव्हिनबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबवणार नाही. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीची सुवर्णपदकवाली. १८९८ मध्ये योसेफ लेव्हिनशी लग्न झालं, तोही तिथलाच सुवर्णपदकवाला. एका घरात दोन पियानोवादकांची तुलना नको म्हणून तिनं एकटीनं वाजवणं सोडलं. नवऱ्याबरोबर दोन पियानोंवर वाजवायची, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये त्याची मदतनीस म्हणून शिकवायची. १९४४ मध्ये तो गेला, आणि त्याची जागा तिला मिळाली. व्हॅन क्लायबर्न तिचाच शिष्य. १९५८ मध्ये, शीतयुद्ध ऐन थंडीत असताना, मॉस्कोत जाऊन रशियनांची चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून आला. हॉलिवूडच्या चित्रपटांना संगीत देणारा जॉन विल्यम्सही तिचाच. इतक्यांना मंचावर चढवल्यावर १९६३ च्या जानेवारीत, ब्याऐंशीव्या वर्षी, ती स्वतः न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा एकटीनं बसली. समोर वाद्यवृंदाचा संचालक लेनर्ड बर्नस्टाइन, आणि कॉन्चेर्तो शोपँचा, 'ई मायनर'. लोकांनी डोक्यावर घेतलं.

त्या रात्री सभागृहात तिचे आजी-माजी शिष्य असणारच, आणि वर्षानुवर्षं ज्यांच्या चुका तिनं मोजल्या त्यांना हिशेब चुकता करायची याहून चांगली संधी मिळाली नसती. मला मात्र काळजी वाटते ती त्यानंतर तिच्या वर्गात ज्याची पहिली पाळी होती त्या मुलाची. ती शिकवत होतीच, पुढेही कितीतरी वर्षं शिकवत राहिली. 'बाई, हा भाग फार वेगात आहे, हातात बसत नाही,' असं म्हणायची त्या बिचाऱ्याची सोयच गेली होती.